घर तुमचंच हाय

आमच्या भागात अनोळखी माणसाला सरसकट 'पावणं' म्हणतात. बसमध्ये सरकून बसायला सांगायचं तरी 'पावणं, जरा सरकता काय', बेळगावच्या खडेबाजारात वाट विचारायची तरी 'ओ पावणं'. परगावच्या लोकांना याचं फार कौतुक. माझी एक पुण्याची जाऊबाई दोन दिवसांसाठी माझ्या माहेरी, येळ्ळूरला आली होती. ती परत जाईपर्यंत 'किती गं आपुलकी तुमच्याकडं' एवढंच म्हणत होती. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, त्या सुट्टीत या शब्दाच्या आत काय असतं ते मी पाहिलं, आणि आता केस पिकले तरी तो कानावर पडला की माझं डोकं फिरतं. हे सगळं प्रकरण त्या रागाचं आहे. ज्याला बालपणाच्या गोड आठवणी वाचायच्या असतील त्यानं ही पानं सोडून पुढं जावं, माझी काही तक्रार नाही.

आमचं घर म्हणजे पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं चूल आणि एका अंगाला भाताची खोली. सुगी झाली की ती खोली पोत्यांनी आढ्यापर्यंत भरायची आणि नव्या बासमतीचा वास माझ्या पुस्तकांनाही लागायचा. आई त्या खोलीला कुलूप लावी आणि किल्ली कमरेला खोचून ठेवी. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे शेतावर एक फेरी मारून उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या फौंड्रीत जायचे. तिथं ते साचे करायचे. संध्याकाळी बसमधून उतरून येताना त्यांच्या कानाच्या पाळ्या आणि नाकपुड्या साच्यांच्या वाळूनं काळ्या झालेल्या असत. न्हाणीत ते बराच वेळ खाकरत राहायचे, तो आवाज थांबला की आई ताट वाढायची. मसुराची आमटी, तांदळाची भाकरी, वर लसणीचा ठेचा. जेवताना आप्पा बोलत नसत; पण सीमाप्रश्नाची सभा असेल त्या दिवशी मात्र बोलत. एका मोर्चात लाठी बसून त्यांचा डावा कोपर कायमचा वाकडा झाला होता आणि तो हात पुढं करून ते मला, म्हणजे सुनंदाला, म्हणायचे, "सुने, ह्यो हात मराठीसाठी मोडलाय बघ." मला त्या हाताचा अभिमान होता. आजही आहे, म्हणूनच पुढचं लिहायला मला इतका त्रास होतो.

सभेत सर्वांत जोरकस भाषण तात्याचं असे. तात्या आमच्याच गल्लीतला, चार घरं पलीकडचा. शेती मोठी, बोलणं लाघवी, आवाज असा की लाउडस्पीकरची त्याला गरजच नसायची. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. सगळं बोलून झालं की तो क्षणभर थांबायचा, उपरण्यानं तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "आपल्याच घरात आपण पाहुणे झालोय!" त्यावर टाळ्या पडायच्या त्या थांबायच्याच नाहीत. आप्पा तर मोडका हात सांभाळत टाळ्या वाजवायचे. गावाच्या वेशीबाहेर, उद्यमबागेच्या रस्त्याला तात्यानं त्या वर्षी नवं घर बांधलं होतं आणि घरामागं भाड्यानं द्यायला ओळीनं खोल्या काढल्या होत्या. पत्र्याच्या, पण नव्या कोऱ्या. त्या अजून रिकाम्याच होत्या.

अशात एका संध्याकाळी आप्पा एका माणसाला घेऊन आले. बुटका, गोरा, गालावर भट्टीची ठिणगी उडून पडलेला डाग. "ह्यो मनबहादूर," आप्पा म्हणाले, "आमच्या भट्टीवर असतो. लई गुणी. ह्याला खोली बघायची हाय आन मला धड हिंदी येत न्हाय, तवा सुनी, तू बोल ह्याच्यासंगं." आप्पांचं हिंदी खरोखर ऐकण्यासारखं होतं. त्यांनी आईची ओळख करून दिली ती "ये मेरा बायको, इसको सब ठावं हाय" अशी. मनबहादूर हसला नाही. त्यानं आईला वाकून नमस्कार केला आणि आईनं लगेच आणखी एक ताट घेतलं.

गावात सगळे त्याला गुरखा म्हणत, पण तो नेपाळचा नव्हता. जेवता जेवता त्यानं मला सांगितलं ते मी आई-आप्पांना मराठीतून सांगत गेले. तो भूतानमधला. घरात नेपाळी बोलणारा, पण आजापणजापासून तिथलाच. डोंगराच्या उतारावर त्याच्या बापाची वेलदोड्याची बाग होती. मग एकाएकी शाळेतून त्यांच्या भाषेची पुस्तकं गेली. सरकार म्हणेल तेच कपडे घाला म्हणून सक्ती झाली. नंतर कागद मागायला लागले, हा कागद आहे तर तो कुठाय म्हणायला लागले, आणि शेवटी निघा म्हणाले. आईबाप नेपाळातल्या निर्वासितांच्या छावणीत, बांबूच्या झोपडीत. हा बायकोला घेऊन काम शोधत खाली खाली येत बेळगावला पोचला होता. बायको तुळसा, पोटुशी, दिवस भरत आलेले. दोघं फौंड्रीमागच्या सामानाच्या शेडमध्ये झोपत आणि मॅनेजरनं सांगितलं होतं की बाळंतपण इथं चालणार नाही, त्याआधी जागा खाली करायची. आप्पांचा घास हातातच राहिला. "भाषेपायी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "व्हय आप्पा, भाषेपायीच." तो घास ताटात ठेवून आप्पा म्हणाले, "सुने, उद्यापासनं खोली बघायची. तू चल संगं."

मग आम्ही हिंडलो. आप्पा, मनबहादूर आणि मधे दुभाषी म्हणून मी. उद्यमबागेच्या मागच्या वस्त्या, येळ्ळूर रस्त्याची नवी घरं, शहरातल्या बोळातल्या माड्या. प्रत्येक दारात तेच. "या पावणं, बसा. च्या घेता न्हवं?" चहा यायचा, बशीत बिस्कीट असायचं, घरातली म्हातारी 'लांबनं आलं लेकरू' म्हणून हळहळायची. मग प्रश्न सुरू व्हायचे. जात कोणची? खात्यात काय? चिनी तर न्हाईत? एकानं भाडं दुप्पट सांगितलं. का, तर परमुलखातला माणूस पळून गेला तर काय घ्या. एका शाळामास्तरांनी खोली दाखवली, पाण्याचा नळही दाखवला, आणि तुळसा गरोदर आहे कळल्यावर म्हणाले, रडकं पोर असेल तर आमच्या मुलांचा अभ्यास होत नाही. मास्तरांच्या अंगणात त्यांचीच दोन पोरं तेव्हा पत्र्यावर दगड मारत होती. पण 'नाही' हा शब्द एकानंही उच्चारला नाही. सगळे म्हणाले, "बघतो की. सांगून पाठवतो." त्या आठवड्यात आम्ही इतका चहा प्यालो की आप्पांना पित्त झालं.

आज माझ्या मोबाइलवर भाड्याच्या घरांच्या जाहिराती येतात. 'ओन्ली फॅमिली', 'शाकाहारींना प्राधान्य', 'आपल्या माणसांसाठी'. त्या वाचून तरुण मुलं चिडतात, मला मात्र त्यात निदान सरळपणा दिसतो. आमच्या लोकांनी चहा पाजून हाकललं.

मनबहादूरला यातलं काही कळत नव्हतं. तो प्रत्येक घरातून खुशीत बाहेर पडायचा. त्याच्या भाषेतही पाहुण्याला 'पाहुना' म्हणतात, त्यामुळं एवढा एकच मराठी शब्द त्याला न समजावता समजला होता. "दीदी, हमको पाहुना बोला," तो मला सांगायचा. मी त्याच्याहून किती लहान, तरी दीदी म्हणायचा. "हमारे में भी ऐसा ही बोलता है. बहुत साल बाद किसी ने पाहुना बोला." 'सांगून पाठवतो' म्हणजे नाही, हे मी त्याला समजावलं तेव्हा त्याला ते पटेचना. खोली द्यायची नसेल तर माणूस चहा कशाला देईल, असं त्याचं म्हणणं. याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

शेवटी आप्पा म्हणाले, "उगंच वणवण केली. तात्याकडं जायला पायजे होतं आधी. भाषेचं दुःख त्याला न्हाय कळायचं तर कुणाला?" तात्यानं आम्हाला नव्या घराच्या कट्ट्यावर बसवलं. मी मनबहादूरची सगळी हकीकत सांगितली, वेलदोड्याच्या बागेसकट. तात्याचे डोळे खरोखर भरून आले. त्यानं मनबहादूरच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेतल्या आवाजात म्हणाला, "पावणं, काळजी करू नगा. कवाबी या. घर तुमचंच हाय." खोल्यांचं काय, असं आप्पांनी चाचरत विचारलं, तर तात्या म्हणाला, "अरं, बोललो न्हवं?" मनबहादूरनं माझ्याकडं पाहिलं. क्या बोला? मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "कहते हैं, कभी भी आइए, घर आपका ही है." यात माझी चूक झाली असं नंतर गल्लीत पुष्कळांनी बोलून दाखवलं. पोरीला हिंदी येतं पण बोलायची रीत कळत नाही, म्हणे. मी ते तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. मी सांगितलं ते वाक्य तात्याचं होतं.

त्यानंतर आला तो रविवार. मी अंगणात मसूर निवडत बसले होते, तेवढ्यात तात्याकडचा गडी धापा टाकत आला. "आप्पा, बिगीनं चला. त्यो गुरखा बायकोला घेऊन दारात आलाय. सामानसुमान घेऊन." आप्पांनी मला हाक मारली आणि आम्ही जवळजवळ पळतच निघालो. तात्याच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. मधोमध एक पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह, वळकटी आणि त्या वळकटीवर टेकून बसलेली तुळसा. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं धुतलेली साडी नेसली होती, भांगात शेंदूर भरला होता. नव्या घरात पाऊल टाकायला बाई जशी नटून येईल तशी ती आली होती. तिच्या हातात कपबशी होती. हो, तात्याच्या बायकोनं तिला चहा दिला होता.

"ह्ये काय आप्पा?" तात्या हसत म्हणाला, पण ते हसू जमलेल्या माणसांसाठी होतं. "बोलायची एक पद्धत अस्ती. घर तुमचंच म्हटलं म्हंजे काय घर दिलं व्हय? उद्या कुणी आलं, आन बायको तुमचीच म्हटलं तर..." पुढचं हसण्यात बुडालं. आप्पा म्हणाले, "तात्या, खोल्या रिकाम्या हाईत. भाडं द्यायला तयार हाय त्यो. बाई अडलीया." तात्याचं हसू गेलं. "कुठला मुलूख, कुठली भाषा? आज एक खोली देऊ, उद्या ह्यांची गल्ली हुईल. आमी आमचंच निस्तरंना झालोय." मग मनबहादूर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, दीदी, साब नाराज हैं क्या? माझ्या उत्तराची वाट न बघता तो स्वतःच तात्यापुढं गेला. हात जोडून, त्याच्या तुटक्या हिंदीत म्हणाला, "साब, आपने पाहुना बोला. हमारे में पाहुना को दरवाजे से नहीं लौटाता." हे भाषांतर करायची गरजच नव्हती. 'पाहुना' सगळ्यांना कळलं. कुणी खाली पाहिलं, कुणी तंबाखू मळायला लागलं.

आप्पांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "तात्या, स्टेजवर काय म्हंतोस? आपल्याच घरात आपण पाहुणे झालोय म्हंतोस न्हवं? त्या वाक्यावर मी हात मोडून घेतलाय. ह्या माणसाला त्याच्याच घरात पावणं केलं, आन तू त्याला दारातनं परत धाडतोस? तुजं दुःख ते दुःख, आन त्याचं?" तात्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता हा माणूस विरघळणार. तो घराकडं वळला आणि म्हणाला, "उन्हाचं बसू दे त्यास्नी सोप्यात सांजपातूर. अगं ए, पावण्यास्नी आनखी च्या टाक."

तुळसाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण तिनं हातातली कपबशी, एक घोटही न घेता, तात्याच्या पायरीवर नीट ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तो भरलेला कप मला अजून दिसतो, वर साय धरलेला.

आम्ही ट्रंक आणि वळकटी वाटेवरच्या एका बैलगाडीत घालून घरी आणली, कारण दुसरीकडं न्यायला जागाच नव्हती. वाटेवर आप्पा तात्याला, गावाला, दुनियेला शिव्या घालत होते. आई दारातच उभी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिनं तुळसाला हात धरून आत नेलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर येऊन आप्पांसमोर उभी राहिली. "समद्या गावाला इचारत हिंडलासा," ती म्हणाली, "आपल्या घरात इचारलासा व्हय?" आप्पा बघतच राहिले. "आपल्याकडं कुठं खोली हाय?" आईनं कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर आपटली. "भात झोपतंय न्हवं त्या खोलीत पाय पसरून? त्याला काढा भाईर. मी रोज वाट बघत होते, ह्यो माणूस आज तरी इचारंल, उद्या तरी इचारंल म्हणून."

उरलेला सगळा दिवस पोती ओढण्यात गेला. काही सोप्यात रचली, काही माजघरात, आणि उरलेल्या जागेत आम्ही झोपायचं ठरलं. आप्पा एका हातानं पोतं ओढत होते. मनबहादूर पाठीवर पोतं घेऊन बाहेर नेऊन ठेवी आणि परत आला की आईला नमस्कार करी, शेवटी आईच वैतागली. खोली शेणानं सारवून झाल्यावर आईनं मधोमध स्टोव्ह पेटवला आणि दुधाचं पातेलं ठेवलं. नव्या जागेत दूध उतू घालवायची आपली रीत. तुळसाला ती कुठली माहीत? दूध वर आलं तशी ती बिचारी किंचाळली आणि पदरानं पातेलं खाली उतरवलं. आई हसत सुटली. त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी खरं हसलं. आईनं पातेलं पुन्हा वर ठेवलं, तुळसाचा हात धरून ठेवला आणि दूध भळभळा उतू जाऊ दिलं. "सांग तिला सुनी," ती म्हणाली, "आता हे घर हाय म्हणावं." त्याच खोलीत पुढच्या पंधरवड्यात मुलगी झाली. गावची सुईण आईनंच बोलावली. वर्षभर त्या मुलीच्या दुपट्यांना बासमतीचा वास येत होता. आमच्या भाताला मात्र सोप्यातल्या उंदरांनी पुरतं लुटलं आणि आईनं त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही. तीनेक वर्षं ती तिघं आमच्यात राहिली. मग छावणीत म्हातारा बाप आजारी पडला म्हणून गेली ती परत आली नाहीत. छावणीतली कितीतरी कुटुंबं पुढं सातासमुद्रापार गेली असं ऐकते. त्यांना तिकडं कुणी दार उघडलं का, हे मला कधीच कळणार नाही.

तात्याच्या खोल्या पुढं भरल्या. तात्याची भाषणंही चालूच राहिली, त्याच वाक्यावर त्याच टाळ्या पडत राहिल्या. आप्पांनी सभेला जायचं सोडलं नाही, मराठीवरची त्यांची माया कमी झाली नाही. फक्त त्या वाक्याला ते हात मांडीवर ठेवून बसायचे. आप्पा गेले. आई आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत.

मागच्या महिन्यात मी आईकडं गेले होते, तेव्हा तात्या काठी टेकत आला. थकलाय आता. सोप्यात बसला आणि मोबाइल पुढं करून बोलायला लागला. त्याचा नातू परदेशात शिकायला गेलाय, त्याला तिथं खोली मिळेना. चेहरा बघतात, नाव ऐकतात आणि टाळतात. "एक घरमालकीण तर लई गोड बोलली म्हणं सुनंदा. कॉफी पाजली. ह्ये तुजंच घर समज म्हणाली. आन आता फोन उचलत न्हाय! पोरगं मित्राच्या जिमिनीवर झोपतंय थंडीत. असली कसली माणसं गं? तोंडावर एक आन पोटात एक!" त्याचा आवाज अजून तसाच होता, सभेतला. डोळे खरोखर भरून आले होते. मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिले की याला काही आठवतंय का. काही नव्हतं. तात्या तो रविवार साफ विसरला होता, आणि माझ्या अंगाची आग झाली. त्या पोराचं मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण तात्याचं वाटेना. मी तोंड उघडणार होते, एवढ्या वर्षांचं सगळं काढणार होते.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"सुने, पावण्यास्नी च्या दे गं."

तात्या याच गल्लीत जन्मला. त्याला आमच्या घरात आजवर कुणी पावणं म्हटलं नव्हतं. मी चहा करून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. तो कपाकडं बघत बसला, मग भाताच्या खोलीच्या दाराकडं बघत बसला. बऱ्याच वेळानं काठी धरून उठला आणि निघून गेला. मी कपबशी उचलायला गेले, तेव्हा चहावर साय धरली होती.